शाळेतील उन्हाळी परसबाग: निधीचा प्रस्ताव कोठे अडतो आणि कोणती कागदपत्रे लागतात

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेतून (शालेय पोषण आहाराची ही योजना तेव्हा मध्यान्ह भोजन योजना म्हणून ओळखली जात होती) शाळेच्या आवारात परसबाग फुलवण्यासाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. योजनेच्या लवचीक निधीतून राज्याच्या सरासरीने प्रति शाळा ५,००० रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद त्यात आहे. पावसाळी परसबागेचे प्रस्ताव फारसे अडत नाहीत, कारण तेव्हा पाण्याचा प्रश्न नसतो आणि शाळाही नुकतीच सुरू झालेली असते. उन्हाळी बागेचे प्रस्ताव मात्र त्रुटी लावून परत येतात, आणि त्या त्रुटी बहुतेक वेळा वाफ्यातल्या नसून कागदावरच्या असतात.

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधील पहिली ते आठवीचे जे वर्ग या योजनेत येतात, तेच येथे पात्र आहेत. स्वयंअर्थसहाय्यित शाळांनी बाग जरूर करावी, पण या निधीसाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नये. आवारात जमीन नसल्यास कुंड्या, जुन्या बादल्या, गोण्या किंवा गच्चीवरील वाफेही चालतात, त्यामुळे केवळ जागा नाही म्हणून माघार घेण्याचे कारण नाही. प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे जातो. सोबत यू-डायस क्रमांक (शाळेचा शासकीय ओळख क्रमांक), पटसंख्या, योजनेच्या बँक खात्याचा तपशील, जागेची छायाचित्रे, खर्चाचे अंदाजपत्रक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडावा. अर्जाचा नमुना जिल्ह्यागणिक वेगळा असू शकतो, म्हणून मागील वर्षीची प्रत उतरवून काढण्याऐवजी चालू वर्षाच्या पत्रासोबत आलेला नमुनाच वापरावा.

सर्वांत जास्त प्रस्ताव जागेच्या पुराव्यावर अडतात. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा गावातील एखाद्या दानशूर कुटुंबाने दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. दान तोंडी झालेले असते, बक्षीसपत्राची नोंदणी कोणी केलेली नसते, आणि सातबाऱ्यावर आजही त्या दात्याच्या आजोबांचे नाव असते. उरलेल्या शाळा गावठाणात असतात, जेथे सातबारा मुळात नसतोच, तरीही तपासणी सूचीत रकाना आहे म्हणून तोच मागितला जातो. नसलेला कागद आणा असे सांगून मुख्याध्यापकांना तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला लावणे अन्यायाचे आहे. पण रकाना कोरा ठेवून प्रस्ताव पाठवला तर तो परत येणारच, म्हणून पर्याय आधीच जोडावा. गावठाणातील शाळेने ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा (मिळकतीच्या कर आकारणीची नोंद) आणि स्वामित्व योजनेत (गावठाणातील मिळकतींच्या ड्रोन मोजणीची योजना) मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका लावावी. दानाच्या जमिनीबाबत, शाळेचा ताबा प्रत्यक्षात किती वर्षांपासून आहे हे नमूद करणारा ग्रामसभेचा ठराव आणि सातबाऱ्यावरील खातेदारांच्या वारसांचे ना हरकत पत्र घ्यावे. शाळेच्या नावे सातबारा असला तरी संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारी प्रत छापून जोडू नये. ती केवळ माहितीसाठी असते आणि तसे तिच्यावर लिहिलेलेही असते. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो.

दुसरी गल्लत तारखेची. ३१ मार्च ही प्रस्तावाची अंतिम तारीख आहे असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्या दिवसापर्यंत खर्च पूर्ण होऊन देयके सादर व्हावी लागतात. उन्हाळी भेंडी, गवार आणि काकडीची पेरणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत होते, म्हणजे त्याआधी मंजुरी हातात हवी आणि त्यासाठी प्रस्ताव दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच जायला हवा. फेब्रुवारीत प्रस्ताव पाठवणाऱ्या शाळेला मंजुरी मिळाली तरी निधी परत जातो, किंवा एप्रिलच्या उन्हात बी टाकण्याची वेळ येते. पीक एप्रिलमध्ये निघणार असताना उपयोगिता प्रमाणपत्र मार्चमध्ये कसे द्यायचे, असा प्रश्न शिक्षक काळजीने विचारतात. हे प्रमाणपत्र झालेल्या खर्चाचे असते, काढणीचे नसते, त्यामुळे बियाणे, खत, नळी आणि कुंपण यांची देयके पुरेशी आहेत.

देयकांवरील तारखा मंजुरीनंतरच्या असाव्यात आणि समितीचा ठराव खरेदीच्या आधीचा असावा; हा क्रम उलटला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. शेणखत गावातल्याच शेतकऱ्याकडून घेतल्यास छापील देयक मिळत नाही. अशा वेळी नाव, गाव, परिमाण, रक्कम आणि सही असलेली हातपावती घ्यावी. ६०० रुपयांच्या पावतीवर महसूल तिकीट मागणारे लिपिकही भेटतात. ते तिकीट ५,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीला लागते, हे नम्रपणे दाखवून द्यावे. अंदाजपत्रकात रासायनिक कीटकनाशक लिहू नये, कारण ही भाजी मुलांच्या ताटात जायची आहे. त्याऐवजी निंबोळी अर्क लिहावा. पाकिटातील गुलाबी किंवा निळसर रंगाचे बी औषध चोळलेले असते, ते मुलांना उघड्या हातांनी पेरू देऊ नये.

पाण्याच्या रकान्यात नुसते ‘उपलब्ध’ असे लिहून भागत नाही. स्रोत कोणता, तो मे महिन्यापर्यंत टिकतो का, आणि मुलांचे हात धुतलेले पाणी वाफ्याकडे वळवले आहे का, हे दोन ओळींत लिहावे. मार्चपासून सकाळची शाळा असते, तेव्हा परिपाठाआधी पाणी देणे सोयीचे पडते. सुट्टीत पाणी कोण घालणार त्याचे नाव ठरावातच असावे, कारण तपासणी करणारे अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतात.

उत्पन्नाचे आकडे फुगवण्याचा मोह टाळावा. निकषानुसार प्राथमिकच्या विद्यार्थ्याला दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या विद्यार्थ्याला ७५ ग्रॅम भाजी अपेक्षित आहे. म्हणजे ६० पटाच्या प्राथमिक शाळेला रोज ३ किलो भाजी लागते, आणि चार वाफ्यांतून ती रोज निघत नाही. ‘संपूर्ण गरज भागेल’ असे लिहिलेला प्रस्ताव वाचणाऱ्यालाही खरा वाटत नाही. ‘पूरक’ हा शब्द पुरेसा आहे.

पिकांची निवड सुट्टीचा हिशेब धरून करावी. तांदुळजा महिनाभरात काढणीला येतो आणि एप्रिलअखेरपर्यंत त्याचे दोन हप्ते सहज होतात. भेंडी साधारण दीड महिन्यात तोड्याला येते. तिचा परभणी क्रांती हा वाण हळद्या रोगाला सहसा बळी पडत नाही. भेंडीचा तोडा एक दिवसाआड व्हायला हवा, कारण शनिवार-रविवार लागून आला तरी सोमवारी शेंगा निबर होतात आणि स्वयंपाकी ताई त्या बाजूला काढतात. दुधी आणि कारल्याचा बहर मात्र ऐन सुट्टीत येतो, तेव्हा शाळेत आहार शिजत नसतो. दुष्काळ जाहीर झालेल्या गावांत सुट्टीतही आहार दिला जातो, तेथे हे वेल लावायला हरकत नाही.

काढलेली भाजी विकायची नसते, ती आहारातच वापरायची असते. प्रत्येक तोड्याचे वजन, तारीख आणि त्या दिवशी जेवलेल्या मुलांची संख्या एका वहीत लिहून त्यावर स्वयंपाकी आणि मुख्याध्यापक या दोघांची सही घ्यावी, आणि हीच नोंद आहाराच्या दैनंदिन नोंदवहीशी जुळते की नाही ते दर आठवड्याला पाहावे.