लिंबाच्या साली, किटली आणि शहाबादी फरशी

पिळलेल्या लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी बरणीत भरा, तीन महिने थांबा, की झालं घरचं ‘बायो-एन्झाइम’. सफाईचं हे पाणी करायला शिकवणाऱ्या व्हिडिओंच्या शेवटी त्याच पाण्याने पुसलेली चकचकीत फरशी हमखास दिसते. व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर हरकत नाही. पण शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. ओट्याचा काळा कडप्पा त्याच जातीचा आणि संगमरवर त्यांचा भाऊबंद. बोअरच्या पाण्याने किटलीच्या तळाशी धरलेला पांढरा थरही बहुतांशी तेच, कॅल्शियम कार्बोनेट. जे आम्ल तो थर खातं, ते फरशीलाही सोडत नाही. चमक हळूहळू उतरते आणि मग पॉलिशचं मशीनच आणावं लागतं.

नावातल्या एन्झाइमचा या सफाईत फारसा वाटा नाही. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी हे नेहमीचं प्रमाण. यीस्ट आधी साखरेचं अल्कोहोल करतात, मग हवेच्या संपर्कात जिवाणू त्याचं ॲसेटिक ॲसिड करतात. म्हणजे हा लिंबाच्या वासाचा पातळ व्हिनेगर. एवढ्या गुळातून कागदोपत्री फार तर ६० ग्रॅम ॲसिड निघेल, प्रत्यक्षात त्याहून कमी. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून वायू सोडावा. घट्ट बंद काचेची बाटली फुटू शकते. या पाण्यातून ओझोन निघतो आणि हवा शुद्ध होते, हा दावा मात्र निव्वळ थाप आहे.

आता किटली. तिच्यात पिळलेल्या साली उकळल्या, तर त्यांत उरलेल्या रसाने ती साफ होईल का, हे साध्या हिशेबाने कळतं. १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला सुमारे १३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतं. लिंबाच्या रसात ते साधारण ५ टक्के, म्हणजे पाव लिटर रस हवा. चार साली उकळून तेवढं आम्ल येणार कुठून? त्यापेक्षा वाणसामानाच्या दुकानातलं लिंबूसत्त्व आणावं. तेही सायट्रिक ॲसिडच. १ लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, साधारण ३० ग्रॅम, घालून अर्धा तास ठेवावं. त्यात खायचा सोडा मिसळू नये. फेस छान येतो, पण तो आम्ल खर्ची पडल्याचा फेस असतो.

आणि उकळू नये. सायट्रिक ॲसिडच्या रेणूला तीन आम्ली हात असतात, प्रत्येकात एक हायड्रोजन. आम्ल मुबलक असेपर्यंत बरेच हायड्रोजन जागेवर राहतात आणि सुटलेलं कॅल्शियम पाण्यातच विरघळलेलं राहतं. आम्ल संपत आलं की तिन्ही हात मोकळे होतात. असे दोन रेणू तीन कॅल्शियम पकडतात आणि कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका खाली बसतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलट आहे: पाणी जितकं गरम तितकं हे कमी विरघळतं. म्हणून लिंबूपाणी खळखळा उकळलं की जुना थर जातो आणि त्याजागी नवा बसतो! स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीलेने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक ॲसिड वेगळं काढलं ते याच गुणाच्या जोरावर. त्याने रसातून आधी कॅल्शियम सायट्रेटचा साका पाडला, मग सल्फ्युरिक ॲसिडने त्यातलं आम्ल सोडवलं. आपल्याला मात्र तो साका नको असतो. त्यामुळे बुडबुडे थांबले आणि थर अजून शिल्लक असला, तर ते पाणी फेकून ताजं द्रावण घ्यावं.

सालीचा खरा ऐवज तिच्या बाहेरच्या रंगीत थरातल्या तेलात असतो. त्यात मुख्य लिमोनिन, म्हणजे चांगलं द्रावक. संत्र्याची साल थर्मोकोलवर पिळली की थर्मोकोल विरघळतो. बरणीवरच्या लेबलचा चिकटा काढायला सालीची रंगीत बाजू घासून पाच मिनिटं ठेवावी, मग पुसावी. हे तेल पेट घेतं, म्हणून शेगडीजवळ नको. लिंबाची साल तोंडाला चोळून उन्हात जाणं हा तर ‘घरगुती उपाय’ नावाचा वेडेपणा आहे: सालीतली फ्युरोकुमारिन नावाची रसायनं आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजल्यासारखी होते, डाग महिनोन्‌महिने राहतात.

पिळलेली फोड शोभते ती तांब्या-पितळेवर. तिथला काळपट थर इतका पातळ असतो की उरलेला रस पुरतो. फोडीवर मीठ घेऊन घासावं. मिठाचे खडे खरवडतात आणि त्यातलं क्लोराइड काळपट थरातलं तांबं विरघळायला मदत करतं. तेच क्लोराइड मागे राहिलं तर दोन दिवसांत हिरवट डाग दिसतात, म्हणून भांडं लगेच धुऊन कोरडं पुसावं. लॅकर, म्हणजे चमकदार पारदर्शक लेप, दिलेल्या शोभेच्या वस्तूंवर हा प्रयोग करू नये.