बोटं गोठतात आधी, मरतात नंतर

बर्फात गारठून बधिर झालेल्या बोटांवर बर्फच चोळावा, हा सल्ला अजून जिवंत आहे. १८१२ च्या रशिया मोहिमेत नेपोलियनचा शल्यचिकित्सक लॅरे याने पाहिलं, की गोठलेले पाय शेकोटीवर शेकणाऱ्या सैनिकांचे पाय सडतात. म्हणून त्याने बर्फ चोळायला सांगितलं. निरीक्षण अचूक, निष्कर्ष साफ चुकीचा. बधिर कातडी आगीत भाजत होती आणि पुढच्या वाटचालीत पाय पुन्हा गोठत होते. चोळण्याने कातडी सोलवटते, एवढंच.

त्वचा साधारण उणे अर्ध्या अंशाला गोठू लागते. बर्फाचे स्फटिक बहुधा आधी पेशींच्या मधल्या द्रवात तयार होतात. बर्फ क्षारांना सामावून घेत नाही, त्यामुळे उरलेला द्रव अधिकाधिक खारट होतो आणि परासरणाने पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी आक्रसतात, त्यांची पटलं फाटतात. केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचीही हीच गत होते, आणि खरी मेख इथे आहे. बोट वितळलं की रक्त परत येतं, बोट लालबुंद दिसतं, सगळ्यांना हायसं वाटतं. पण अस्तर फाटलेलं असतं. त्यातून द्रव झिरपून फोड येतात, उघड्या पडलेल्या जागी प्लेटलेट्स (रक्ताची गुठळी बनवणारे कण) चिकटतात. त्या थ्रॉम्बोक्सेन नावाचं रसायन सोडतात, त्याने वाहिनी आवळते आणि आणखी प्लेटलेट्स गोळा होतात. काही तासांत गुठळ्या होऊन रक्त अडतं. थंडीतून वाचलेला भागही मग रक्ताविना मरतो.

म्हणून सुटकेला झालेला प्रत्येक तासाचा उशीर बोटांवर बेततो. गुठळ्या विरघळवणारं औषध वितळल्यापासून २४ तासांच्या आत द्यावं लागतं. वाहिन्या रुंदावणाऱ्या इलोप्रोस्टला ७२ तासांपर्यंत मुभा आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तेव्हा काहींना तो चमत्कार वाटला. मेलेलं बोट मात्र कुठलंच औषध जिवंत करत नाही.

मदत पोचेपर्यंत काय करायचं? पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूच नये. गोठलेल्या पायांनी चालत खाली उतरणं परवडतं, वितळून पुन्हा गोठणं नाही. सुरक्षित जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात सुमारे अर्धा तास ठेवावं. वेदना भयंकर होतात, वेदनाशामक द्यावंच लागतं. दारूने ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते.

काळं पडलेलं बोट शल्यचिकित्सक लगेच कापत नाहीत. जिवंत आणि मृत ऊतींमधली सीमा स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. जंतुसंसर्ग झाला तरच घाई करतात.