सेट्टे (वाइन)

सेट्टे ही सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात पिकणाऱ्या सान्जोवेझे आणि कॅबर्ने सोविन्यों या दोन काळ्या द्राक्षवाणांपासून तयार होणारी उच्च प्रतीची मिश्र लाल वाइन आहे. फ्राटेली वाइन्स ही तिची उत्पादक कंपनी. इटालियन भाषेत ‘फ्राटेली’ म्हणजे भाऊ आणि ‘सेट्टे’ म्हणजे सात. कपिल व गौरव सेखरी, इटलीचे आंद्रेआ व आलेस्सिओ सेच्ची आणि अकलूजचे अर्जुनसिंह व रणजितसिंह मोहिते-पाटील या भावांच्या तीन जोड्यांनी ही कंपनी उभी केली. हे सहा जण आणि इटलीतील टस्कनी प्रांताचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी हे सातवे, अशा सात जणांवरून वाइनला हे नाव मिळाले.

माळशिरस तालुक्यातील अकलूज नीरा नदीकाठी वसले आहे. कालव्याचे पाणी, ऊस आणि सहकारी साखर कारखाना ही या गावाची जुनी ओळख. राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर बहुतेक वायनऱ्या नाशिककडे निघाल्या, कारण तेथील उंची आणि गार रात्री वाइनच्या द्राक्षांना मानवतात. फ्राटेलीने मात्र पर्जन्यछायेतील हा कोरडा, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा मुलूख निवडला आणि फ्रान्सहून आणलेली रोपे मोटेवाडी, गारवाड व निमगाव येथे लावली. उसाला नको असलेली मुरमाड, उताराची जमीन वाइनच्या वेलीला चालते. पाण्याचा निचरा लवकर होतो, वेल बेताने वाढते आणि मणी लहान राहून त्यांत रस व रंग दाट उतरतो.

या वाइनचे खरे वैशिष्ट्य मात्र मातीपेक्षा वेलीच्या उलट्या ऋतुचक्रात शोधावे लागते. टस्कनीत थंडीत पाने झडून झोपलेली वेल वसंतात फुटते, उन्हाळ्यात घड धरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीला येते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. तिला मोकळे सोडले तर ती बाराही महिने वाढत राहील आणि घड ऐन पावसात पिकून कुजतील. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. काढणीनंतर उन्हाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या खरड छाटणीने जुने लाकूड मागे घेतले जाते व नव्या काड्या तयार होतात. या काड्यांच्या डोळ्यांतच, म्हणजे कोंबांच्या जागीच, पुढच्या घडांची जडणघडण होते. पावसाळा सरताना गोडी छाटणी होते, तेव्हा प्रत्येक काडी मोजक्या डोळ्यांवर राखतात आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण लावतात. अशा रीतीने घड हिवाळ्याच्या कोरड्या हवेत वाढतात आणि साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात काढणीला येतात. इटलीतील वेल त्या वेळी निष्पर्ण उभी असते. परदेशी वाणाला इथल्या हवामानात रुजवण्याचे श्रेय बाटलीवरील नावाइतकेच या कात्रीलाही आहे.

फेब्रुवारी सरता सरता ऊन चढते, मण्यांत साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो; सालीतील व बियांतील तुरटपणा पक्व होण्याआधीच साखरेचा आकडा गाठला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे तोडणीचा दिवस ठरवताना साखर मोजून भागत नाही, मणी चावून साल आणि बी यांची चवही पाहावी लागते.

दोन वाणांची जोडी याच संदर्भात समजून घ्यावी. सान्जोवेझे हा टस्कनीचा मुख्य वाण. त्याचा आंबटपणा टवटवीत आणि स्वाद चेरीच्या जातीचा असतो, पण रंग फिका असतो. कॅबर्ने सोविन्यों हा मूळचा फ्रान्समधील बोर्दोचा वाण. जाड सालीमुळे तो गडद रंग आणि भक्कम तुरटपणा देतो. टस्कनीत ही जोडी फार जुनी नाही. तेथील कियांती वाइनच्या नियमांनुसार सान्जोवेझेत पांढरी द्राक्षे मिसळावी लागत. १९७० च्या दशकात अँतिनोरी या वाइन उत्पादक घराण्याने तिन्यानेल्लो या वाइनमध्ये पांढरी द्राक्षे वगळून कॅबर्ने घातले आणि त्यासाठी ‘कियांती’ हे नाव सोडून साधी टेबल वाइन म्हणवून घेणेही पत्करले. सेट्टेचा साचा याच परंपरेतला आहे.

लाल वाइनसाठी रस सालींसह आंबवतात, कारण रंग व टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) मुख्यतः सालींतूनच उतरतात. सेट्टे त्यानंतर फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवली जाते. पिंपाच्या लाकडातून अत्यल्प प्रमाणात शिरणारी हवा तुरटपणा मवाळ करते आणि लाकडाचा व्हॅनिलासारखा गंधही वाइनमध्ये उतरतो.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम युरोपातील गार घरांचा आहे. तेथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश सेल्सिअस. सोलापूरच्या काय, पुण्याच्या उन्हाळ्यातही ही बाटली उघडण्यापूर्वी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागते, नाहीतर नाकाशी पहिला येतो तो अल्कोहोलचा झणका आणि सान्जोवेझेची चेरी मागे राहते.