कोल्हापूर ते तिरुपती विमानाने : अंतर किती, वेळ किती?

बालाजीचं तिकीट काढायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, "विमानानं किती वेळ लागतो हो?" सव्वा तास म्हटलं की लगेच त्याच दुपारचं दर्शन धरायचं ठरतं. पुढची धावपळ तिथंच सुरू होते, म्हणून हे पत्रक.

उजळाईवाडीचा विमानतळ ते रेणिगुंट्याचा विमानतळ हे सरळ रेषेतलं हवाई अंतर सुमारे 655 किलोमीटर आहे. रस्त्यानं ते 800 च्या पुढं जातं. हरिप्रिया एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल अशी फिरून जाते, 900 किलोमीटरहून जास्त धावते आणि एक अख्खी रात्र गाडीत काढावी लागते.

विमानाला किती वेळ लागणार, हे विमान कोणतं यावर ठरतं. पंख्यांचं एटीआर 72 ताशी साधारण 500 किलोमीटरनं जातं, त्याला दीड तासाच्या वर लागतो. एम्ब्रेअरचं छोटं जेट ताशी 800 च्या आसपास जातं, ते सव्वा तासात पोचवतं. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, निव्वळ हवेतला वेळ त्याहून कमी. या मार्गावरची वेळापत्रकं बदलत असतात. त्यामुळं आम्ही तारखेबरोबर विमान कोणतं तेही सांगतो.

आता घराच्या उंबऱ्यापासून मोजू. समजा, विमान सकाळी 10 ला आहे. 8 ला उजळाईवाडीत पोचायचं, कारण सुटण्याच्या तासभर आधी सामान घेणं बंद होतं. सव्वाअकराला उतरलात, तरी सामान हातात येऊन गाडीत बसेपर्यंत पावणेबारा होतात. रेणिगुंट्याहून तिरुपती शहर 15 किलोमीटरच्या आसपास आहे. पुढं अलिपिरीच्या नाक्यावर सगळ्यांनी खाली उतरायचं, पिशव्या यंत्रातून घालायच्या, मग पुन्हा सगळं गाडीत चढवून घाट. तिरुमलावर पाय ठेवेपर्यंत दोन सहज वाजतात, तेही न जेवता. सव्वा तासाच्या विमानाला घरातून निघाल्यापासून सहा-साडेसहा तास धरा. दर्शनाची वेळ दुसऱ्या दिवशीचीच घ्या, हे आम्ही प्रत्येकाला आग्रहानं सांगतो. बरोबर म्हातारी माणसं असतील तर नक्कीच.

पावसाचंही बघा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात, विमानाला उशीर होतो. तिकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस जोरात असतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत इथं आकाश निरभ्र दिसलं, तरी तिकडची चौकशी करूनच निघा.

ओटीच्या सामानात सुकं खोबरं असेल तर ते घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळं ते लवकर पेट घेतं, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. गुडघेदुखी असेल तर तिकीट काढतानाच सांगा, चाकाची खुर्ची आधी नोंदवावी लागते. लहान विमानात डोक्यावरचे कप्पेही लहान असतात. येताना लाडू पिशवीत दबतात, त्यासाठी जाताना एक रिकामा स्टीलचा डबा हातातल्या बॅगेत ठेवा.

बालाजीहून आल्यावर अंबाबाईचं दर्शन घ्यायची आपली रीत आहे. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून आईला शालू येतो, त्या दिवसांत मंदिरात मोठी गर्दी असते. परतीची तारीख ठरवताना तेवढं सांगा, त्याप्रमाणं तिकीट बघू.