तणनियंत्रण संशोधक आणि तणांचा इकॉलॉजिस्ट: शेत एकच, करिअर वेगवेगळं

तणांवर पीएच.डी. करायची म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘कोणत्या तणनाशकावर?’ विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने दोन निराळी कामं एकच धरलेली असतात. तणनियंत्रण हे एक काम आणि वीड इकॉलॉजी, म्हणजे तणांच्या जगण्या-पसरण्याचा अभ्यास, हे दुसरं. ही दोन्ही माणसं एकाच शेतात दिसतात, दोघंही तीच चौकट जमिनीवर ठेवून आतली रोपं मोजत असतात. गल्लत होते ती त्यामुळेच, आणि मार्गदर्शक निवडताना ती झाली तर फार जड जाते.

नियंत्रणवाल्याचा प्रश्न सरळ असतो: या तणाचा बंदोबस्त कशाने, कधी आणि किती मात्रेत करायचा? त्यासाठी शेताचे वाफे पाडले जातात. एकात तणनाशक, दुसऱ्यात खुरपणी, तिसऱ्यात दोन्ही, शिवाय तुलनेसाठी एक वाफा पूर्ण तणमुक्त आणि एकात तण मोकळं वाढू दिलेलं. तणांची संख्या, त्यांचं वाळलेलं वजन आणि शेवटी पिकाचं उत्पादन मोजलं की दोन-तीन हंगामांत शिफारस करता येते. शेतकऱ्याच्या लगेच कामी येणारं हे ज्ञान आहे. त्याला दुय्यम समजणारे इकॉलॉजिस्ट मला अजिबात पटत नाहीत.

इकॉलॉजिस्ट त्याच वाफ्यात उभा राहून विचारतो, की मारूनही हे तण दरवर्षी परत येतं कसं? याचं उत्तर बहुतेक वेळा जमिनीत दडलेलं असतं. मातीत तणांच्या बियांचा साठा असतो. दर हंगामात नव्या बिया गळून त्यात भर पडते. काही उगवतात, काही कुजतात, काही भुंगेरे आणि उंदीर खाऊन टाकतात आणि उरलेल्या सुप्तावस्थेत पडून राहतात. आपल्याला दिसणारी रोपं म्हणजे त्या साठ्याचा लहानसा हिस्सा. म्हणून इकॉलॉजिस्ट मातीचे नमुने काढतो, ते ट्रेमध्ये पसरून ओलसर ठेवतो, उगवेल ते रोप ओळखून, मोजून उपटतो, माती ढवळतो आणि पुन्हा वाट पाहतो. दोन पानांचं रोप पाहून जात ओळखणं हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, त्याला डोळा तयार व्हावा लागतो.

वाट किती पाहावी लागते? अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांनी 1879 मध्ये 20 बाटल्यांत वाळू आणि वीसहून अधिक जातींच्या बिया भरून त्या पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून किती बिया अजून उगवतात ते पाहायचं, असा बेत. आधी 5 वर्षांचं असलेलं अंतर पुढे 10 आणि मग 20 वर्षांचं झालं. 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतही व्हर्बॅस्कम या तणाच्या बिया उगवल्या. शेवटची बाटली 2100 साली निघायची आहे. बील 1924 मध्येच गेले, प्रयोग मात्र एका पिढीकडून दुसरीकडे सोपवला जातोय.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि त्याच्या एका भागावर तणनाशक कधीच फवारलेलं नाही. विनिफ्रेड ब्रेंचली आणि कॅथरीन वॉरिंग्टन यांनी त्याच शेताच्या मातीतल्या तणबियांचा अभ्यास करून 1930 मध्ये निष्कर्ष मांडले. असं शेत कुणीतरी आधीपासून जपलेलं नसतं, तर बियांच्या साठ्याचा हा प्रश्न विचारताच आला नसता.

दोन्ही कामं एकमेकांवाचून अडतात, याचा सर्वांत ठळक पुरावा तणनाशक-प्रतिकारशक्तीचा. तणनाशकांचा बोलबाला वाढत असतानाच, 1956 मध्ये, ब्रिटिश इकॉलॉजिस्ट जॉन हार्पर यांनी तणांमध्ये प्रतिकारशक्ती उत्क्रांत होऊ शकते असं मांडलं होतं. 1970 मध्ये सेनेसिओ व्हल्गॅरिस हे तण सिमाझिन आणि अॅट्राझिन या तणनाशकांना दाद देत नसल्याची नोंद अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. त्यानंतर हा प्रश्न जगभर पसरला. एकच रसायन वर्षानुवर्षं मारत राहिलं, की त्यातून वाचलेल्या मोजक्या रोपांच्याच बिया मातीत साठतात. हे गणित तणांच्या पिढ्यांगणिक बदलत्या संख्येचं आहे आणि ते फवारणीच्या दोन हंगामांत दिसत नाही.

करिअरचं अवघड वळण नेमकं इथेच येतं. पीएच.डी.ला तीन ते पाच वर्षं मिळतात, प्रकल्पाचा निधी बहुधा तितकाही टिकत नाही आणि कायमच्या पदासाठी तर शोधनिबंध मोजले जातात. नियंत्रणाचे प्रयोग या वेळापत्रकात नीट बसतात, बियांच्या साठ्याचे बसत नाहीत. म्हणून शहाणा इकॉलॉजिस्ट कामाचे दोन थर ठेवतो: उगवण, सुप्तावस्था, बिया खाणारे किडे असे एका-दोन हंगामांत संपणारे प्रश्न, आणि त्याच्याच आधारे तणांच्या संख्येचं गणिती प्रारूप, जे पुढची वीस वर्षं अंदाजून पाहतं. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग आलं पाहिजे ते यासाठी. वनस्पतींची ओळख तर हवीच.

नोकऱ्यांची नावंही फसवतात. नियंत्रणवाल्याला कृषिविद्या विभाग, विस्तार सेवा आणि कृषी-रसायन कंपन्या असे तिन्ही दरवाजे उघडे असतात. इकॉलॉजिस्ट कधी कृषिविद्येत असतो, कधी वनस्पतिशास्त्रात, आणि दोन्हीकडे थोडा परका ठरतो. परक्या वनस्पतींच्या आक्रमणाचा अभ्यास करणारे आणखी तिसरेच. त्यांचं क्षेत्र मुख्यतः जंगलं, गवताळ प्रदेश आणि पाणथळ जागा. पद्धती पुष्कळशा सारख्या, पण पीक नसल्यामुळे नुकसान मोजण्याची फूटपट्टी वेगळी.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांच्या शीर्षकांपेक्षा प्रयोग किती वर्षं चालले ते बघा. सगळेच दोन हंगामांत संपत असतील, तर विभागाच्या नावात इकॉलॉजी असली तरी तिथे मुख्यतः नियंत्रणाचं काम शिकायला मिळेल. आणि मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: माझा प्रबंध संपल्यावर या वाफ्यांची मोजणी कोण चालू ठेवणार?