पेवातली हळद आणि तळघरातला बुरा

आमच्या काकूचं घर सांगलीच्या गावभागात. दगडी जोतं, वर विटांच्या भिंती आणि माजघराखाली एक तळघर. आषाढ लागला की काकू तळघराचे झरोके सताड उघडते. "वारं खेळू दे जरा, कुबट वास मारतोय." आणि श्रावण सरेपर्यंत भिंतीवर हिरवट-काळा बुरा चढलेला असतो. ट्रंकेतल्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव, जुन्या पंचांगांची पानं एकमेकांना चिकटलेली. झरोके उघडे ठेवूनही असं का होतं, हे कोडं तिला अनेक वर्षं सुटलं नव्हतं.

फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो. ते पाणी बाटलीतलं नसतं, हवेतलं असतं. गरम हवा वाफेचा भार जास्त पेलते. तीच हवा गार पृष्ठभागाला टेकली की भार पेलवत नाही आणि वाफ पाण्याच्या रूपात खाली उतरते. तळघराची भिंत म्हणजे ही बाटलीच, फक्त सौम्य. जमिनीत काही फूट खाली तापमान वर्षभर फारसं हलत नाही. समजा बाहेर 30 अंश तापमान आहे, आर्द्रता 70 टक्के आहे आणि तळघराची भिंत 26 अंशांवर आहे. बाहेरची हवा आत येऊन भिंतीलगत गार झाली की तिथली आर्द्रता 88 टक्क्यांच्या आसपास जाते. भिंत 24 अंशांपर्यंत उतरली तर थेट दव पडतं. बुरशीला वाहतं पाणी लागतच नाही. भिंतीलगतची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस टिकली, की तिचं भागतं. म्हणजे काकू वारं म्हणून जे आत घेत होती, त्यातून रोज थोडं थोडं पाणीच येत होतं.

बुरशीचे बीजाणू आत आलेच नाहीत तर? तो विचार सोडून द्यावा. साधारण 2 ते 10 मायक्रॉनचे हे कण प्रत्येक घराच्या हवेत असतात. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. खायला कागद, लाकूड, चामडं, सुती कापड चालतं. एवढंच काय, रंगावर बसलेली धूळही पुरते. आपल्या हवेत तापमान बाराही महिने सोयीचं. आपल्या हातात उरतो तो एकच धागा, ओलावा.

याचा पुरावा सांगलीकरांच्या पायाखालीच आहे. शेजारच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं, असे जमिनीत खोल खणलेले खड्डे. कृष्णा-वारणेचा संगम हाकेच्या अंतरावर, तरी या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. कारण पेवात उतरण्याआधी ती शिजवून, उन्हात खडखडीत वाळवलेली असायची. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बुरशीला घोटभरही पाणी नाही. वरून तोंड लिंपून बंद. बाहेरची दमट हवा आत येत नाही, आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडून बघत. विझला, तर खाली माणसाचाही जीव जाईल. पण 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि तीच हळद नासली. हळद जंतुनाशक असते वगैरे आपण म्हणतो, पण ओल्या हळदीलाही बुरा धरतो.

आपलं तळघर ना पेवासारखं बंद, ना अंगणासारखं मोकळं. बुरशीला याहून सोयीचं घर शोधून सापडणार नाही.

त्यात पूर. खुद्द सांगलीत पाऊस बेताचाच. पाणी येतं वरून, महाबळेश्वर आणि कोयनेकडून. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. काकूचं तळघर तेव्हा आढ्यापर्यंत भरलं होतं. पंप लावून पाणी उपसलं, गाळ काढला, आणि सगळ्यांना वाटलं, झालं. पण भिंतीतल्या पाण्याचं काय? एक साधी वीट पूर्ण भिजली तर अर्धा लिटरच्या आसपास पाणी पिते. दहा फूट लांब, दहा फूट उंच अशा नऊ इंची भिंतीत हजारभर विटा. हिशेब केला तर पाचशे लिटर होतात, गच्चीवरच्या एका टाकीएवढे. ते पंपाने निघत नाही, महिनोन् महिने वाफ होऊन निघतं. काकूच्या घरच्यांनी तर दिवाळीच्या आत ऑइलपेंट लावून टाकला. आतलं पाणी कोंडलं. पुढच्या पावसाळ्यात पापडासारखे पोपडे सुटले आणि पोपड्यामागे पुन्हा बुरा. माझ्या मते ओल्या भिंतीवर ऑइलपेंट लावण्यापेक्षा ती उघडी, कुरूप राहिलेली परवडली.

आपल्या भिंतीत पाणी कुठून येतं, हे आधी ओळखावं. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगाला जमले तर ते हवेतलं पाणी. आतल्या, भिंतीकडच्या अंगाला जमले तर ओल जमिनीतून येतेय. पांढरं दिसलं की लगेच बुरशी म्हणू नये. लोणाही असतो. ओल वर चढताना मातीतले क्षार घेऊन येते आणि पाणी उडालं की ते भिंतीवर राहतात. पाण्याचा थेंब टाकला की लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

जमिनीतून ओल येत असेल तर बुरशी पुसून काही उपयोग नाही. आधी पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्यावं, गळका नळ दुरुस्त करावा, अंगणाचा उतार भिंतीकडे असेल तर फिरवून घ्यावा. हवेतलं पाणी असेल तर पावसाळ्यात झरोके बंद, सामान भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीवरून उचलून फळीवर. मोठ्या तळघराला हवा सुकवणारं यंत्र लागतं. कपाटात ठेवायच्या, ओल शोषणाऱ्या क्षारांच्या डब्या कपाटापुरत्याच. त्यांनी खोली सुकत नाही.

सफाईचं थोडक्यात. कोरडा ब्रश मारू नका, लाखो बीजाणू उडतात. एन-95 मास्क, हातमोजे, चष्मा घालून साबणाच्या पाण्याने ओलं पुसा आणि लगेच कोरडं करा. ब्लीचिंगने डाग फिका पडतो, पण विटेच्या पोटातले तंतू राहतात. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तळघरात पळायला वाट एकच असते. दमेकऱ्यांनी या कामात पडूच नये. ओल आणि बुरशीच्या घरात खोकला, दमा वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये स्पष्टपणे मांडलं आहे. मात्र 2021 मध्ये कोरोनानंतर गाजलेली 'काळी बुरशी' ही नव्हे. तो म्युकर वर्गातल्या बुरशीचा आजार. त्याचं नाव पडलं ते मेलेल्या ऊतींच्या काळ्या रंगावरून. भिंतीवरच्या काळ्या डागाचा बुरा निराळा.

भिंत सुकल्यावर रंग कोणता? जुन्या वाड्यांत चुना असायचा. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी, बुरशीला त्यावर रुजता येत नाही, आणि तो भिंतीची वाफ अडवत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा हा जोर ओसरतो, म्हणून दर वर्ष-दोन वर्षांनी हात फिरवावा लागतो.

काकूने पोपडे खरवडून चुना दिला. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र भिंतीवर टांगलंय. पावसाळाभर झरोके बंद, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात सगळे उघडे. मध्ये पाऊस उघडला की तिचा फोन येतो, "आज उघडू का रे? लख्ख ऊन पडलंय." मी विचारतो, बाहेर नेऊन ठेवलंस की काटा किती दाखवतो? ती वाचून सांगते, "ब्याऐंशी." आणि मग स्वतःच म्हणते, "राहू दे."