एन्कोडर : हौशी सीएनसी रेट्रोफिटमधील निवड व जोडणी

शाफ्ट किती फिरला किंवा टेबल किती सरकले हे मोजून ते विद्युत स्पंदांच्या रूपात कंट्रोलरला कळवणारे साधन म्हणजे एन्कोडर. हाताने चालणारे जुने मिलिंग मशीन, लेथ किंवा घरी बांधलेला राऊटर (लाकूड कोरणारे यंत्र) यांना मोटर, ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन फिरवणारा भाग) आणि कंट्रोलर (त्याला आज्ञा देणारा भाग) बसवून ते संगणकावर, म्हणजे सीएनसी पद्धतीने चालवणे, याला रेट्रोफिट म्हणतात. गोव्यात वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिळर्ण अशा औद्योगिक वसाहती आहेत, फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि यंत्रकामाचे जुने ठिकाण असलेले बेळगावचे उद्यमबाग घाट चढून गेले की जवळच आहे. त्यामुळे घरामागच्या शेडमध्ये असे मशीन उभे करू पाहणाऱ्याला इथे वाव आहे. कामेही इथलीच असतात : देव्हाऱ्याची जाळी, घराचा नामफलक, चवथीचे मखर. यांतले मखराचे काम नेमके भर पावसाळ्यात येते आणि एन्कोडर निवडताना सर्वांत आधी विचार करायचा तो या पावसाचाच.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात हवा दमट असतेच, शिवाय किनाऱ्याजवळ ती खारटही असते. ऑप्टिकल एन्कोडरमध्ये बारीक रेषा असलेल्या चकतीतून जाणारा प्रकाश मोजला जातो. बंद डब्यातला चांगला ऑप्टिकल एन्कोडर इथेही वर्षानुवर्षे चालतो. उघड्या चकतीचा स्वस्त एन्कोडर मात्र चकतीवर दव धरले किंवा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी फळीचा) भुसा बसला की स्पंद गाळू लागतो. चुंबकीय एन्कोडरला ओलाव्याचे किंवा धुळीचे फारसे सोयरसुतक नसते. त्याचे वैर लोखंडाच्या किसाशी. विद्युत धारकतेतला बदल मोजून चालणारे कपॅसिटिव्ह एन्कोडरही मिळतात. त्यांना भुसा चालतो, पण पाण्याचे थेंब चालत नाहीत. म्हणून लाकडाच्या राऊटरसाठी चुंबकीय किंवा कपॅसिटिव्ह आणि लोखंड कापणाऱ्या मिलिंगसाठी सीलबंद ऑप्टिकल, ही निवड गोव्यात सहसा चुकत नाही.

रोटरी, म्हणजे फेरा मोजणारे एन्कोडर दोन तऱ्हांचे असतात. इन्क्रिमेंटल एन्कोडर फक्त स्पंद देतो, मोजणी कंट्रोलरने ठेवायची. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर वीज येताच आपली जागा सांगतो, पण त्याची किंमत आणि त्याची भाषा दोन्ही हौशी कंट्रोलरला झेपत नाहीत. त्यामुळे हौशी कामात इन्क्रिमेंटलच जास्त दिसतो. त्याचे ए आणि बी हे दोन सिग्नल एकमेकांपासून ९० अंशांनी सरकलेले असतात. कोणता आधी येतो त्यावरून दिशा कळते आणि दोन्हींचे चढ-उतार धरले की एका रेषेमागे चार गणना मिळतात. तिसरा झेड सिग्नल फेऱ्यात एकदाच येतो, त्याला इंडेक्स म्हणतात.

विकत घेताना सगळे आधी विचारतात, ‘किती पल्सचा?’, म्हणजे चकतीवर फेऱ्याला किती रेषा. २,५०० रेषांच्या एन्कोडरच्या फेऱ्याला १०,००० गणना होतात. टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूची लीड, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकते ते अंतर, ५ मिमी असेल तर एक गणना म्हणजे अर्धा मायक्रॉन. आकडा मोहात पाडतो. पण हौशी यंत्रांत सर्रास वापरला जाणारा सी-७ दर्जाचा रोल्ड बॉलस्क्रू ३०० मिमी लांबीत ५० मायक्रॉनपर्यंत चुकू शकतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत स्क्रू ८ अंशांनी तापला, तर ६०० मिमीचा स्क्रू सुमारे ५८ मायक्रॉनने लांबतो. फेऱ्यांची मोजणी करणाऱ्या एन्कोडरला यातले काहीच दिसत नाही. तो जिथे बसलेला असतो तिथलेच सांगतो. म्हणून ५ मिमी लीडवर १,००० रेषा, म्हणजे सव्वा मायक्रॉनची गणना, हौशी कामाला पुरून उरते. वाचलेले पैसे बेअरिंग, कपलिंग आणि केबलवर घालावेत.

जास्त गणनांचा दुसरा तोटा वेगात दिसतो. लिनक्ससीएनसी हे कंट्रोलरचे सॉफ्टवेअर संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून दर २५ मायक्रोसेकंदांनी वाचत असेल, तर सेकंदाला ४०,००० वाचने होतात. १०,००० गणनांचा एन्कोडर असेल तर मोटर मिनिटाला २४० फेऱ्यांच्या पुढे गेली की गणना हुकणारच. संगणकाला जोडायच्या मेसासारख्या कार्डावर मोजणी हार्डवेअरमध्ये होते, तिथे हा अडसर राहत नाही. खुद्द एन्कोडरलाही मर्यादा असते. ओम्रॉनच्या ई६बी२ मालिकेतल्या ओपन कलेक्टर (एका सिग्नलला एकच तार असलेल्या) प्रकाराची १०० किलोहर्ट्झ आहे, म्हणजे २,००० रेषांचा नग मिनिटाला ३,००० फेऱ्यांपर्यंतच भरवशाचा.

एन्कोडर बसवायचा कुठे, हा प्रश्न गणनांपेक्षा मोठा आहे. मोटरच्या मागे बसवला तर मोटर आणि मोजणी यांच्यात ढिलेपणा राहत नाही, पण स्क्रूवरच्या नटमधला बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल) कंट्रोलरला कळत नाही. स्क्रूच्या मोकळ्या टोकाला बसवला तर कपलिंगचा किंवा पट्ट्याचा ढिलेपणा मोजणीत येतो, नटचा तरीही येत नाही. टेबललाच लिनियर स्केल (सरळ रेषेतले अंतर मोजणारा एन्कोडर) लावला तर सगळे दिसते, आणि तिथेच पंचाईत होते : मोटर आणि टेबल यांच्यामध्ये प्ले असला तर ड्राइव्ह जागा शोधत पुढे-मागे हेलकावे खात राहतो. त्यासाठी वेग मोटरच्या एन्कोडरवरून आणि जागा स्केलवरून घेणारी दुहेरी जोडणी करतात. बॅकलॅश आधी यंत्रातूनच काढावा, स्केलने तो झाकू नये. काचेच्या स्केलच्या रबरी ओठांतून ओल शिरली तर इथे काचेवर बुरशीही धरते.

लाकडाच्या राऊटरला तर एवढा खटाटोप बहुतेक वेळा लागतच नाही. क्लोज्ड-लूप स्टेपर (पावला-पावलाने फिरणारी, स्वतःची जागा तपासणारी मोटर) घेतला तर त्यात साधारण १,००० रेषांचा एन्कोडर मोटरला आधीच जोडलेला असतो आणि तो ड्राइव्हशीच बोलतो. कंट्रोलर स्टेप व दिशा पाठवतो आणि पाऊल चुकले तर ड्राइव्ह अलार्म देतो. जीआरबीएलसारखे साधे हौशी कंट्रोलर एन्कोडर वाचतच नाहीत, त्यांच्यासाठी हाच मार्ग उरतो. फक्त अलार्मची तार कंट्रोलरला खरोखर जोडावी. ती मोकळी ठेवली तर एक अक्ष थांबतो, दुसरा चालत राहतो आणि जाळी वाया जाते.

आता जोडणी. स्क्रूच्या टोकाला एन्कोडर लावताना त्या टोकावर आधी डायल गेज टेकवून स्क्रू हाताने फिरवून पाहावा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर टोक लेथवर पुन्हा टर्न करून घ्यावे. एन्कोडरचा शाफ्ट आणि स्क्रू यांच्यामध्ये लवचीक कपलिंग हवे. कापीव नळीचे किंवा बेलोज दोन्ही चालतात. घट्ट नळी घालून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) आवळले तर मध्यातला जरासा फरकही एन्कोडरच्या नाजूक बेअरिंगवर बसतो. पोकळ शाफ्टचा एन्कोडर थेट स्क्रूवर चढतो. मग त्याचे शरीर पातळ पत्र्याच्या पट्टीने धरावे : फिरू द्यायचे नाही, पण डुलायला मोकळे सोडायचे. कपलिंग बसत नाही म्हणून हातोडीने ठोकू नये, आतली चकती बहुधा काचेची असते. घरी बांधायच्या चुंबकीय चिपसाठी आडव्या ध्रुवांचा चुंबक लागतो. तो पोलादी टोकावर थेट न चिकटवता पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या टोपीत बसवावा. एएस५६०० या चिपला चुंबकापासून ०.५ ते ३ मिमी अंतर चालते. चुंबक मध्यापासून सरकून फेऱ्यात १ अंशाची चूक झाली, तर ५ मिमी लीडवर ती सुमारे १४ मायक्रॉन होते.

स्पिंडलचा (टूल फिरवणाऱ्या मोटरचा) वेग बदलणारा व्हीएफडी शेजारी असेल तर लाईन ड्रायव्हरचा एन्कोडरच घ्यावा. त्यात प्रत्येक सिग्नलसोबत त्याचा उलटा सिग्नल जोडीने जातो. बाहेरची खरखर दोन्हींत सारखीच शिरते आणि वजाबाकीत निघून जाते. ओपन कलेक्टर प्रकाराला पुल-अप रेझिस्टर लागतो आणि त्याची केबल आखूड ठेवावी लागते. पिळलेल्या जोड्यांची शिल्डवाली केबल व्हीएफडीच्या केबलपासून वेगळ्या वाटेने न्यावी. तिचे शिल्ड कंट्रोलरच्या बाजूला एकाच टोकाला अर्थ करण्याची रीत हौशी कामात चालते.

मोटरला वीज देण्याआधी स्क्रू हाताने फिरवून पडद्यावरचा आकडा पाहावा. टेबल अधिक दिशेला जाताना आकडा वाढला पाहिजे. उलटा असेल तर ए आणि बी अदलाबदल करावेत, कारण उलट्या मोजणीने सर्वो (एन्कोडरच्या मोजणीवर चालणारी मोटर) सुरू केला की अक्ष थेट टोकावर जाऊन आदळतो. त्यानंतरची चाचणी फार गुणाची आहे : एका इंडेक्सपासून दुसऱ्यापर्यंतची गणना पाहावी. १,००० रेषांच्या एन्कोडरला ती नेमकी ४,००० यायला हवी, स्पिंडल बंद असताना आणि पूर्ण वेगात असतानाही. स्पिंडल लावल्यावर ४,००३ किंवा ३,९९८ दिसू लागले तर दोष केबलचा. तो सॉफ्टवेअरमध्ये फॉलोइंग एररची (सांगितलेली आणि प्रत्यक्ष जागा यांतल्या फरकाची) मर्यादा वाढवून लपवू नये.

पावसाळ्यात वीज गेली की इन्क्रिमेंटल एन्कोडरची जागा हरवते आणि अर्धे कोरलेले मखर टेबलवर राहते. इथे इंडेक्स कामी येतो. होमिंगचा, म्हणजे यंत्राची सुरुवातीची जागा शोधण्याचा स्विच मिलिमीटरच्या काही शतांशांनी इकडेतिकडे लागतो, पण इंडेक्सवर होम केले की तीच गणना पुन्हा सापडते आणि काम त्याच रेषेतून पुढे नेता येते. स्विच लागतो ती जागा मात्र दोन इंडेक्सच्या साधारण मध्यावर हवी. ती इंडेक्सच्या अगदी जवळ असेल तर कधी अलीकडचा, कधी पलीकडचा इंडेक्स पकडला जातो आणि अख्ख्या ५ मिमीचा घोळ होतो. जोडणीचा कनेक्टर खाली तोंड करून लावावा आणि केबलला त्याच्याखाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ झोळावरून खाली गळतो, पिनांत शिरत नाही. मशीन आठवडाभर बंद राहणार असेल तर कंट्रोलच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. पिना हिरवट झाल्या असतील तर नुसत्या पुसून भागत नाही, त्या बदलाव्या लागतात.

लेथवर आटे पाडायचे असतील तर एन्कोडर स्पिंडलवर लागतो. लिनक्ससीएनसीमधील जी३३ आणि जी७६ या आज्ञा त्याच्या स्पंदांवर आणि इंडेक्सवर चालतात. इथे ४०० रेषासुद्धा पुरतात. थेट बसवायला जागा नसेल तर टायमिंग पट्ट्याने जोडावा, पण दोन्ही पुलींचे दात सारखेच हवेत. प्रमाण एकास एक नसेल तर इंडेक्स स्पिंडलच्या फेऱ्याशी जुळत नाही आणि प्रत्येक पासाला (कापाच्या खेपेला) टूल वेगळ्या जागी शिरून आधीचा आटा कापून टाकते.